धावडीचा डबा

मंदाबाई बैसाणेच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते सुयांवरून. धावडीच्या नव्या उपकेंद्राला नवंकोरं सामान आलं, त्यात दोन डझन सुया होत्या, बारीक आणि झळझळीत. इकडे कुसुंबीला मंदाबाईकडे बारा वर्षांपूर्वीच्या नऊ सुया. दर मंगळवारी संध्याकाळी ती त्या दगडावर तेलाचा थेंब टाकून घासायची, नखावर धार बघायची, स्टोवर उकळायची आणि बुधवारी पोरांच्या मांडीत खुपसायची. खुपसायचीच म्हणायचं. घासून घासून त्या सुया आता आत शिरायला कुरकुर करायच्या आणि पोर असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची.

नव्या सुईनं टोचलं तर पोर 'आं' करतं आणि गप्प होतं. त्यात टोचणाऱ्या बाईचं काय कौतुक? पण हे गावाला कोण सांगणार! पंधरा दिवसांत धावडीभर झालं, "नवी नर्सबाईना हात हलका शे."

सत्याऐंशीच्या दिवाळीपर्यंत कुसुंबी, धावडी आणि आणखी तीन गावं एकट्या मंदाबाईची होती. बाजार दोंडाईच्याचा, मोठा दवाखानाही दोंडाईच्यालाच, मधली सगळी पायपीट मंदाबाईची. मग सरकारला साक्षात्कार झाला की एका बाईला एवढं काम होत नाही. बारा वर्षं होत होतं, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. गावांचे दोन वाटे झाले. धावडी आणि दोन पाडे नव्या केंद्राला गेले, आणि तिथं अमळनेरहून सुनंदा पाटील आली. तेवीस वर्षांची, लांब वेणी, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. टोचायच्या आधी ती बांगड्या खुळखुळवायची. पोर तिकडे बघेपर्यंत काम झालेलं असायचं.

वाटा करायचाच होता तर दुसरं कुठलंही गाव द्यायचं होतं. धावडी मंदाबाईनं चपला झिजवून मिळवलेलं गाव. पहिल्या वर्षी तिला बघितलं की बाया पोरं कणगीमागं लपवायच्या. द्रौपदाबाई पाटील तर अंगणात उभी राहून ओरडायची, "सुई टोची की पोर लुळं व्हई जास! चालती व्हा!" त्याच द्रौपदाबाईच्या घरचा चहा पुढं मंदाबाईला मिळायला लागला, पण ओट्यावर, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. प्यायची, कप स्वतः विसळून पालथा घालायची. बुद्धवाड्यात वाढलेल्या बाईला त्याचा अर्थ काय विचारावा लागतो? अशी अकरा वर्षं गेली. मग मागच्या जेठात द्रौपदाबाईची सून लता अडली. पोर पायाळू. मंदाबाईनं साडेचार तास झगडून ते बाहेर काढलं, निळं पडलेलं, पाठीवर चापट्या मारून रडवलं. मुलगी झाली, छकुली. त्या दिवशी द्रौपदाबाई म्हणाली, "मंदाबाई, मझार या. आते बाहेर नका बठू." मंदाबाई मधल्या घरात गेली, सतरंजीवर बसली, घरातल्या कपातून चहा प्यायली. घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं.

आणि ही सुनंदा पहिल्याच दिवशी चुलीपर्यंत! पाट घेऊन बसली काय, भाकरी थापली काय. द्रौपदाबाई सगळ्यांना सांगत सुटली, "आपलामधली पोर शे." मंदाबाईच्या अकरा वर्षांना जे जमलं नाही ते त्या पोरीच्या आडनावानं अर्ध्या तासात केलं. मंदाबाईला हे ऐकून जेवण गेलं नाही. सुनंदानं तिचं वाईट केलं नव्हतं, उलट भेटली की "ताई, ताई" करायची, आणि त्या "ताई"नंच मंदाबाईच्या अंगाची लाही व्हायची.

आता डब्याचं सांगतो.

लसीचे डबे दर बुधवारी सकाळी दुधाच्या गाडीनं यायचे. निळे, झाकणाचे, आत बर्फ आणि बर्फात लसीच्या बाटल्या. गाडी कुसुंबीपर्यंतच यायची. धावडीचा रस्ता म्हणजे नाल्यातली गाडवाट. म्हणून दोन्ही डबे मंदाबाईच्या ओट्यावर उतरायचे, आणि धावडीचा डबा न्यायला आठपर्यंत अभिमन सायकलवर यायचा. अभिमन म्हणजे द्रौपदाबाईचा मुलगा, लताचा नवरा, छकुलीचा बाप. गावचा आरोग्यरक्षक म्हणून त्याची नेमणूक होती. तो येईपर्यंत मंदाबाई दोन्ही डबे आत काळोख्या कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. तसा कुणाचा हुकूम नव्हता. डबा सावलीत ठेवावा हे काय सांगायला लागतं?

चैत्रातला मंगळवार. सुया घासत बसली होती, तर कुसुंबीच्याच दोघी बाया कडेवर पोरं घेऊन आल्या. एक पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, राग नका मानू. गोवरनी सुई आम्ही धावडीले जाईसन लेसूत."

"काबर? आठे काय व्हयनं?"

"काही नही वं माय. तिना हात हलका शे म्हणतस."

मंदाबाईच्या हातातली सुई दगडावरून सटकली आणि अंगठ्यात गेली. रक्त चोखत ती म्हणाली, "जा." धावडी गेली ती गेली, आता घरचं गावही निघालं. त्या रात्री तिनं नवऱ्याशी, रुपचंदशी, उगीच भांडण काढलं, भाजीत मीठ कमी का म्हणालास म्हणून.

बुधवारी दुधाच्या गाडीनं डबे टाकले. मंदाबाईनं स्वतःचा उचलून आत नेला, गोणपाट ओलं करून वर टाकलं. बाहेर आली. 'धावडी' असं पांढऱ्या रंगात लिहिलेला डबा ओट्याच्या टोकाला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग मोठ्यानं, जणू कोणीतरी ऐकतंय अशा थाटात म्हणाली, "मी काय तिची हमाल आहे?" दाराला कडी घातली आणि आपला डबा घेऊन शाळेत टोचायला निघून गेली.

अभिमन आठला येईल, नेईल, एवढाच तिचा विचार होता. खोटं कशाला बोला, डबा थोडा तापला तर बरं, असाही एक विचार त्याच्या मागं उभा होता. पण त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

एक वाजता ती परत आली. खानदेशातलं चैत्राचं ऊन, ओट्यावर पाय ठेववत नव्हता. डबा तिथंच. झाकण उघडलं तर आत पाणी डुचमळत होतं आणि बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. ट्रेनिंगमध्ये त्यांना घोकून घेतलं होतं, बर्फ विरघळला की लस मेली. मेलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. फेकून द्या आणि कळवा.

तेवढ्यात अभिमन सायकल ढकलत आला, घामानं निथळत. "बाई, उशीर व्हई गया. सकायपाइन गाय अडेल व्हती. वासरू आडवं. आते मोकयी व्हयनी." सायकल भिंतीला लावली. "तठे बठ्ठ्या बाया शाळामा बठेल शेत. सुनंदाबाई वाट देखी राहिनी."

एक वाक्य. अभिमन, डबा तापला, आज टोचणं नाही. एवढंच बोलायचं होतं. पण लगेच मोठे डॉक्टर विचारणार, डबा कोणाच्या ओट्यावर होता? बारा वर्षांची नोकरी झालेल्या बाईला सावली आणि ऊन कळत नाही का? आणि सुनंदा म्हणणार, "असू दे, ताईंकडून राहिलं असेल." तिचं ते समजून घेणं मंदाबाईला डोळ्यांसमोर दिसलं, आणि मेमोपेक्षा तेच जास्त झोंबलं.

"बठ सावलीमा," ती म्हणाली. "पाणी पे. मी बरफ बदली देस."

डबा पदराखाली धरून ती मागच्या दारानं पुना नावाच्या गारीगारवाल्याकडे गेली. त्याच्या पेटीतला फोडलेला बर्फ भरला, पाणी ओतून टाकलं, बाटल्या पुसून परत खोचल्या. अभिमननं डब्याला हात लावून पाहिलं. "वा! गारेगार शे!" कॅरिअरला दोरीनं करकचून बांधला आणि पेडल मारत गेला. मंदाबाई दारात उभी राहिली. हाक मारायला घशात आवाज आला होता. नाल्याच्या वळणाशी सायकल दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच राहिला.

त्या दिवशी सुनंदानं धावडीत सतरा पोरांना गोवरची लस टोचली. कुसुंबीहून गेलेल्या दोघी बायांची पोरं त्या सतरांतलीच.

तीन आठवडे काही झालं नाही. मंदाबाई मनाला सांगत राहिली, सगळीच लस कुठं मरते? थोडी राहिली असेल जिवंत. मग गुजरातेतून ऊसतोडीहून माणसं परतली आणि धावडीच्या पाड्यावर एका पोराला गोवर निघाला. दोन दिवसांत आणखी तिघांना. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या नर्सबायांची बैठक बोलावली. लस थोडी होती, गावं जास्त. कुणाला किती द्यायची ते चाललं होतं.

सुनंदा उठून उभी राहिली. "सर, धावडीत माझी सतराच्या सतरा झालीत. तिथं नको. मला पाड्यांपुरती द्या, बाकी ज्यांची राहिलीत त्यांना जाऊ दे."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "बघा, ही नवी पोरगी. शिका काहीतरी."

सगळ्या बायांनी सुनंदाकडे पाहिलं. मंदाबाई हातातल्या पिशवीचा बंद सोडत बसली आणि परत बांधत बसली. आत्ता बोलायला हवं होतं. पण त्या 'शाब्बास'नं तिच्या काळजात असा चटका बसला होता की आधी तो विझायला हवा होता, आणि तो विझेपर्यंत बैठक संपली.

घरी भाकरी करपली. दोंडाईच्याच्या जिनिंगवरून आलेला रुपचंद ताटावर बसला होता. करपलेला तुकडा बाजूला काढून म्हणाला, "आठ दिन व्हयनात, तू धड जेवत नही. काय व्हयनं?"

तिनं सांगितलं. सगळं, गारीगारच्या बर्फासकट. रुपचंदनं ताट बाजूला सारलं.

"त्या सतरामा तुना हातना कितला शेत?"

"म्हणजे?"

"नाळ तू कापेल."

मंदाबाईनं मनातल्या मनात एकेक पोर डोळ्यांपुढं आणलं. एकही दुसऱ्या हातचं नव्हतं. "बठ्ठा," ती म्हणाली. "बठ्ठा मनाच हातना शेत."

"मंग त्या सुनंदाबाईना कशा व्हयनात?" असं म्हणून तो हात धुवायला उठला.

सकाळी तिनं आपल्या वाट्याच्या लसीतल्या चार बाटल्या बर्फात घातल्या, डबा डोक्यावर घेतला आणि नाल्यानं धावडी गाठली. द्रौपदाबाईच्या अंगणात सहासात बाया बिबडे थापत होत्या, खाटांवर पांढऱ्या धोतरांवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत होते. पोरं मध्ये मध्ये ओले बिबडे चोरून खात होती.

"या मंदाबाई! रस्ता भुलनात का?" द्रौपदाबाई म्हणाली. मांडीवर छकुली होती, नाक वाहतंय, डोळे लाल.

मंदाबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "अक्का, त्या बुधवारनी लस खराब निंघनी. पोरेस्ले परत टोचनं पडी. आजच."

हात थांबले. एकीनं विचारलं, "कोण म्हणस?"

"मी म्हणस."

"अन् सुनंदाबाई?"

"तिले माहीत नही."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, एक फिसकन हसली. द्रौपदाबाईनं पिठाचा हात झटकला. "मंदाबाई, खरं सांगू? तुम्हना मनमा काय शे ते बठ्ठ्या गावले समजस. तुम्हनं गाव गयं, तुम्हले वाईट वाटस, कबूल. पन त्या पोरले काबर बदनाम करतस? तिनी टोचेल एक पोर रडनं नही, एकले ताप उना नही."

ताप आला नाही कारण आत काही नव्हतंच, हे मंदाबाईच्या ओठांवर आलं. मग तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. ती खाली वाकून म्हणाली, "छकुलीना तोंडमा जराक देखू द्या."

"सर्दी शे. राहू द्या." द्रौपदाबाईनं पोर दुसऱ्या मांडीवर फिरवलं.

मंदाबाईनं शेकड्यानं गोवर पाहिला होता. तो असाच सुरू होतो, लाल डोळ्यांनी. डबा उचलून ती अंगणाबाहेर पडली. मागं कोणीतरी म्हणालं, "जळस बिचारी," आणि परत बिबडे थापायचा आवाज सुरू झाला. गंमत बघा, बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं या बायांना खरंच जीव तोडून काही सांगितलं, आणि तिच्याच मत्सरानं ते खोटं ठरवलं.

राहिला एकच रस्ता, आणि तो सुनंदाच्या दाराशी जात होता.

"या ना ताई! चहा टाकते," सुनंदा स्टोला पिन मारत म्हणाली.

"चहा नको. खाली बस. ऐक."

सुनंदानं ऐकलं. उन्हातला डबा, कोमट बाटल्या, पुनाचा बर्फ. पिन तिच्या हातात तशीच राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला.

"सतरा पोरं, ताई," ती म्हणाली. "प्रत्येकीला मी सांगितलं, आता घोर नको, निवांत झोपा. काल डॉक्टरांसमोर मिरवलं. तुम्ही शेजारी बसून होत्या!"

"होते."

"मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही," मंदाबाई म्हणाली. "तू काहीच केलं नाही आणि सगळं तुला मिळालं. मला तुझा हेवा वाटतो. आत्ताही वाटतोय."

सुनंदा उठली. मंदाबाईच्या डब्याचं झाकण तिनं स्वतः उघडलं, कोपरापर्यंत हात घालून बर्फ चाचपला, चारही बाटल्या एकेक करून गालाला लावून पाहिल्या. मंदाबाईसमोरच. बारा वर्षांच्या नोकरीत तिच्या डब्यात कुणी असा हात घातला नव्हता. पण बोलायला तोंड कुठं होतं?

"आधी पोरं," सुनंदा म्हणाली. "तुमचं नंतर बघू."

तासाभरात शाळेच्या पडवीत रांग लागली. सुनंदानं सांगितलं, साथ आहे, म्हणून दुसरी सुई. बस. एकीनंही का म्हणून विचारलं नाही. ज्यांनी सकाळी मंदाबाईचं ऐकलं नाही त्याच बाया पदर खोचून पोरं पुढं करत होत्या. कुसुंबीच्या दोघींनाही निरोप धाडून आणलं. मंदाबाई कोपऱ्यात स्टोवर सुया उकळत होती आणि चिमट्यानं काढून देत होती. तिचं नाव सुनंदानं कुठंच येऊ दिलं नव्हतं. पापही या पोरीनंच झाकायचं आणि मोठंही हिनंच व्हायचं! सुया काढताना मंदाबाईचे डोळे भरले, ते वाफेनं, असं ती कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती.

सोळा पोरं झाली. सतरावी छकुली. द्रौपदाबाईनं निरोप पाठवला, पोर तापलंय, आज नको.

दोन दिवसांनी छकुलीच्या अंगावर पुरळ उठला. द्रौपदाबाईनं दाराला लिंबाचा डहाळा खोचला. घरात माता आली. मग घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, औषध बंद, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, आणि माता शांत होऊन जाईपर्यंत पोरानं शीव ओलांडायची नाही. सुनंदाला तेवढी आत जायची मुभा होती. ती घरचीच.

शनिवारी भर दुपारी सुनंदा कुसुंबीला आली, अभिमनच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. वेणी सुटलेली. "ताई, चला. छकुली कशीतरी श्वास घेतेय. मी गोवर पुस्तकातच पाहिलाय. मला कळत नाही."

मंदाबाईनं चपला घातल्या की नाही हेही तिला आठवत नव्हतं. अभिमन सायकल हातात धरून पुढं पळत होता, या दोघी मागं.

उंबऱ्याबाहेरूनच तिला ऐकू आलं. घुरघुर, आणि प्रत्येक श्वासाला बारीक कण्हणं. आत अंधारात लता केस मोकळे सोडून बसली होती, मांडीवर छकुली. मंदाबाई दाराशी उकिडवी बसली आणि मोजायला लागली. पोरीच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. मिनिटाला सत्तरच्या वर.

"फुप्फुसात उतरलंय," ती सुनंदाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दोंडाईच्याला न्यायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबली तर नाही राहायची."

सुनंदानं द्रौपदाबाईचे पाय धरले. "अक्का, मी पाया पडते. न्या तिला. माझ्यासाठी न्या."

"पोरी, तू सांगशी ते मी ऐकसू," द्रौपदाबाईचा आवाज फाटला होता. "पन माता घरमा शे. तिले शीव वलांडाई तर ती पोरले लई जाई. मना दोन पोरे अशाच गयात. वैद्याकडे लई गऊ अन् वाटमाच गयात. मी नही नेवाव."

सुनंदा रडली, लता रडली. अभिमन आईसमोर हात जोडून उभा राहिला. म्हातारी उंबऱ्यात आडवी बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. हलका हात, गोड बोलणं, आडनाव, सुनंदाजवळ होतं नव्हतं ते सगळं उंबऱ्याशी संपलं. आता मंदाबाईच्या जवळ होतं तेवढंच उरलं होतं. ते बाहेर काढलं की या गावात परत तोंड दाखवायला जागा नाही, हे तिला माहीत होतं. नोकरीही जाईल कदाचित.

"अक्का," ती म्हणाली, "घरमा माता उनी नही."

"तोंड आवर, मंदाबाई!"

"हाई मातानं करनं नही. हाई मनं करनं शे. त्या बुधवारना डबा मी उन्हमा ठेवा. मुद्दाम मझार लिधा नही. बरफ पानी व्हई गया, लस मरी गई. मंग मी पुनाना गारीगारना बरफ भरा अन् अभिमनना हातमा दिधा. त्याले माहीत नही. सुनंदालेबी माहीत नव्हतं. छकुलीले टोचं ते पानी व्हतं."

अभिमननं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "गारेगार व्हता," तो पुटपुटला. "मी हात लाईसन देखा व्हता."

"काबर?" द्रौपदाबाईनं विचारलं. फार हळू विचारलं.

"तुम्ही तिले पहिलाच दिन चुल्हापावत लई गयात. मी अकरा वरीस ओटावर बठनू. माले सहन नही व्हयनं. मातानं करं असतं तर मीबी हात जोडीसन बठती, अक्का. पन हाई मानसनं करेल शे. याले डाक्टर चालस. पोरले न्या."

म्हातारीचे हात चौकटीवरून खाली आले. तिनं मंदाबाईच्या तोंडावर एक फाडकन लावून दिली. मंदाबाई हलली नाही. मग द्रौपदाबाई उठली, दाराचा लिंबाचा डहाळा ओढून अंगणात भिरकावला आणि ओरडली, "अभिमन! देखी काय राहिना? गाडी जुप!"

गाडीत गोधडी टाकली. लता चढली, म्हातारी चढली, सुनंदा चढली. छकुलीला वर द्यायला मंदाबाईनं हात पुढं केले.

"तुम्ही हात लावू नका," द्रौपदाबाई म्हणाली. "अन् गाडीमा बठू नका."

अभिमननं पोर उचलून सुनंदाच्या मांडीवर दिलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. बायका आपापल्या दारांत येऊन उभ्या होत्या. मंदाबाई गाडीच्या मागं चालायला लागली. डांबरी फाटा चार मैल होता, तिथून दोंडाईच्याला काहीतरी वाहन मिळालं असतं. ऊन पाठीवर, चाकांची धूळ तोंडावर, गाल चुरचुरत होता. ती गाडीपासून वीसेक पावलं मागं राहिली. तेवढं अंतर कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठेवलं.

नाल्याच्या चढाला गाडी कलंडल्यासारखी झाली तेव्हा तिला दिसलं, छकुलीचं डोकं सुनंदाच्या मांडीवरून घसरून हनुवटी छातीला टेकली होती.

"सुनंदा!" ती सगळा जीव काढून ओरडली. "मान मोडतेय तिची! उचल! खांद्यावर उभी धर, पाठ थोपट!"

सुनंदानं पोर उचललं, खांद्याशी उभं धरलं, थोपटायला लागली. छकुली खोकली. दोनदा, तीनदा. मग बारीक, चिरक्या आवाजात रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा. द्रौपदाबाईनं वळून मागं पाहिलं. मंदाबाईला तिच्या नजरेतलं काही वाचता आलं नाही, धूळ फार होती. मग म्हातारी लेकाला म्हणाली, "बैल दामट."

गाडी जोरात निघाली. छकुलीचा हात सुनंदाच्या मानेभोवती पडला होता. तिथं आपण असायला हवं होतं, आपला खांदा हवा होता, असं मंदाबाईच्या मनात आलंच. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मागं पडू नये म्हणून पळायला लागली.